‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

शिक्षणसंस्थांवर काम करताना आपण तक्त्यात एक रकाना ठेवतो: मान्यता आहे की नाही. हा रकाना किती फसवा असतो, ते शार्लट स्कूल ऑफ लॉच्या उदाहरणावरून बघू.

नफ्यासाठी चालणाऱ्या इन्फिलॉ या कंपनीचं हे कॉलेज २००६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात सुरू झालं. अमेरिकन बार असोसिएशनची तात्पुरती मान्यता २००८ मध्ये मिळाली, पूर्ण मान्यता २०११ मध्ये. नोव्हेंबर २०१६ मध्ये असोसिएशनने कॉलेजला प्रोबेशनवर टाकलं. आक्षेप प्रवेशाच्या निकषांवर आणि शिक्षणाच्या दर्जावर होता. डिसेंबरमध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने विद्यार्थी-कर्जाचा पैसा थांबवला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कॉलेज बंद पडलं.

आता गंमत बघा. प्रोबेशनच्या काळातही कॉलेज मान्यताप्राप्तच होतं! शिवाय नियमभंगाचा निष्कर्ष कॉलेजला आधीच कळला होता, पण त्याने तो विद्यार्थ्यांपासून लपवला, असा ठपका शिक्षण विभागाने ठेवला. फी सरकारी कर्जातून कॉलेजकडे जाते, परतफेड मात्र विद्यार्थ्याच्या डोक्यावर. उशिराची किंमत त्यानेच मोजली.

‘नफा आला की दर्जा गेला’ असा निष्कर्ष एवढ्यावरून काढू नका. एका उदाहरणाने तो सिद्ध होत नाही. पण त्या एका रकान्याऐवजी तीन करा: मान्यतेची अवस्था, तिची तारीख, आणि ती विद्यार्थ्यांना कधी कळली. तिसरा भरताना वेळ लागेल. खरा अभ्यास तिथेच आहे.