भरल्या ताटावरची चिनी भाषा

चिनी भाषा शिकू पाहणाऱ्याला एकच बोलपट सुचवायचा झाला, तर मी आंग ली यांच्या १९९४ सालच्या ‘यिन शी नान न्यू’चे नाव घेईन. इंग्रजीत तो ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ म्हणून प्रसिद्ध आहे. पिणे, खाणे, पुरुष, स्त्री असे हे चार शब्द. मध्ये ‘आणि’ नाही, प्रत्यय नाही. आपल्या ‘मीठभाकर’, ‘आईबाप’ यांसारखाच हा समास. तेव्हा मराठी विद्यार्थ्याला पहिला धडा नावातच मिळतो.

कथा तैपेईतली. चू हे नामांकित आचारी, विधुर. थोरली मुलगी रसायनशास्त्राची शिक्षिका, मधली विमान कंपनीत अधिकारी, धाकटी अमेरिकन पद्धतीच्या खाद्यगृहात नोकरीला. तिघींच्या नावांचा आरंभ ‘जिया’ने होतो, आणि ‘जिया’ म्हणजे घर. ज्यांच्या नावातच घर आहे, त्यांचे डोळे मात्र उंबरठ्याबाहेर लागलेले! कोशात सहज सापडणाऱ्या या शब्दाचे खरे वजन येथे कळते.

दर रविवारी चू दिवसभर खपून पंगतीला पुरेल एवढे रांधतात. मुली बसतात, घास चिवडतात आणि कोणीतरी म्हणते, ‘मला एक गोष्ट जाहीर करायची आहे.’ असे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून पुन्हा पुन्हा येते. याहून चांगली उजळणी कोणती? पण प्रत्येक खेपेस घराचा एकेक खांब हलतो. व्याकरण तेच, अर्थ मात्र वेगळा.

चू यांच्या जिभेची चव गेली आहे. मनातले तर ओठांवर येतच नाही. शेजारच्या लहानगीला ते शाळेत सुग्रास डबा पोचवतात आणि तिच्या आईने दिलेला बेचव डबा स्वतः संपवतात. या घरातली माया बोलून दाखवायची नसते, ती पानात वाढायची असते. हे ज्याला उमगले नाही, त्याला हजार शब्द पाठ असूनही चिनी घरातले संभाषण अर्धेच कळेल.

चित्रपट निर्दोष नाही. उत्तरार्धात लग्ने फार घाईने उरकतात. थोरलीचे तर विशेषच. शिवाय येथली बोली तैपेईची. जीभ मुडपून करायचे उच्चार बीजिंगहून सौम्य, म्हणून नवख्याला प्रथम चुकल्यासारखे होईल. त्याने एकदा भाषांतराच्या ओळी वाचत पाहावा, मग केवळ जेवणाचे प्रसंग ओळी झाकून ऐकावेत.

शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की, वर्षानुवर्षे एकमेकांशी धड न बोललेली दोन माणसे अखेरीस एकमेकांना केवळ नात्याने हाक मारतात. एक म्हणते ‘न्यु-अर’, म्हणजे लेक. दुसरे म्हणते ‘बा’. आपल्या खेड्यापाड्यांतही बापाला ‘बा’च म्हणत आले आहेत. या शब्दाला कोश उघडावा लागणार नाही.