दुसऱ्या डावाची मराठी कादंबरी

मोडलेला संसार किंवा हुकलेले प्रेम पुन्हा जुळण्याची कथा मराठी कादंबरीत तिच्या जन्मापासून डोकावते. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी विधवांच्या दैनेवरची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. तिने घालून दिलेला कित्ता दीर्घकाळ गिरवला गेला: दुसरे लग्न हा सुधारणेचा प्रश्न, प्रेमाचा नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूला दुसरा डाव मिळतच नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधली अचला नवऱ्यापासून दुरावल्यावर दुसऱ्या पुरुषाबरोबर राहण्याचे धाडस करते, पण तिच्या मनापेक्षा समाजाशी चाललेला वादच जास्त ऐकू येतो.

हा प्रश्न मुळात पांढरपेशा घरांचा होता. मराठवाड्यातल्या बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट किंवा मोहतूर, म्हणजे बाईचे दुसरे लग्न, रूढच होता. तो रात्री, मोजक्या माणसांत लागे. त्याला मान कमी, पण मान्यता होती. बाईची इच्छा तिथेही सहसा कुणी विचारत नसे. म्हणजे अडथळा आणि मुभा दोन्ही एकाच चालीत होती. कादंबरीकाराला आणखी काय हवे? तरी त्या चुलीकडे फारसे कुणी फिरकले नाही. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ (1952) हा ठळक अपवाद. आधी दुसऱ्याच्या घरात नांदलेल्या राधेसाठी बापू अख्ख्या गावाचे वैर पत्करतो. पण ते गाव कोकणातले.

निखळ प्रेमकथेचा कारखाना शहरात चालला. ना. सी. फडक्यांनी तिला घाटदार कथानक दिले. पुढे चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्यांनी तालुक्याच्या वाचनालयांची कपाटे भरली. घरात उघडपणे वाचता यावी ही त्यातल्या बहुतेकांची अट, आणि ती त्यांनी सचोटीने पाळली. या अटीची सीमा कुठे, हे काकोडकरांच्याच ‘श्यामा’ने तपासायला लावले. 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात ती छापून आली. कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या तीन स्त्रिया, एवढाच तिचा मामला. अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. पहिले प्रेम फसल्यावर माणूस दुसरे शोधतो, या साध्या गोष्टीसाठी लेखकाला दिल्लीपर्यंत जावे लागले.

मराठवाड्याची वाट वेगळी. 1948 पर्यंत प्रदेश निजामाच्या राज्यात होता, उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी गद्याला हक्काचा वाचक उशिरा लाभला. परभणीचे बी. रघुनाथ (1913–1953) हे या भागातले मोठे कादंबरीकार. ‘हिरवे गुलाब’ लिहिणाऱ्या या लेखकाला निमशहरी माणसाच्या मनाची नस सापडली होती. त्यांच्यामागे तो धागा तुटला. ग्रामीण साहित्याची लाट आली, रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (1971) आली. गावातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून सांगणारी ही कादंबरी अस्सल आहे. मात्र तिथे संसार मोडतो आणि मोडलेलाच राहतो. 1983 मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, तेव्हा दुष्काळ, जात आणि शेती हीच या भागाच्या लेखनाची ओळख ठरून गेली होती. ती खोटी नव्हती. तिच्यात प्रेमाला मात्र वळचणीचीच जागा उरली.

वास्तविक मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात दुसऱ्या डावाच्या कथेचा कच्चा माल रग्गड आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. जोडीदार गेला की अर्धा कोयता हाती उरतो. दिवाळीच्या सुमारास गाव रिकामे होते, उन्हाळ्याच्या तोंडी भरते. विरह आणि पुनर्भेट इथे पंचांगात लिहिल्यासारखी येते. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ ही संस्था 1982 मध्ये सुरू केली आणि शैला लोहिया यांनी परित्यक्तांसाठी ‘मनस्विनी’ उभी केली. टाकलेल्या बायकांचे प्रश्न त्यातून चव्हाट्यावर आले. त्यांच्या पुढच्या आवडीनिवडीपर्यंत कादंबरी पोचली नाही. साधा तपशीलही कामाचा आहे. बीड शहराला प्रवासी रेल्वे 2025 मध्ये मिळाली. तोवर परतणारा नायक बसस्थानकातच उतरणार, आणि रसवंतीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत कुणी ना कुणी त्याला ओळखणारच. छोट्या गावात जुने प्रेम लपत नाही, हीच तर या प्रकाराची कळ.

सध्या दुसरा डाव खेळला जातो तो पडद्यावर. सतीश राजवाडे यांच्या ‘प्रेमाची गोष्ट’ (2013) चित्रपटात घटस्फोटितांची जोडी जमते, 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिकेने सुनेकरवी सासूचे लग्न लावले. दोन्ही शहरी. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ ही कादंबरी धीट आहे, पण तीही महानगराची. ‘प्रतिलिपि’सारख्या मोबाइल मंचांवर रोजच्या भागांत प्रेमकथा येतात. त्यांत घटस्फोटिता नायिका आता नवलाची नाही. नायक मात्र बहुधा बड्या कंपनीचा मालक असतो आणि गाव निनावी. बोलीचा वास, नातेवाइकांची वर्दळ, ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फेडण्याची घाई यांतले काही तिथे उतरत नाही. बीड जिल्ह्यातल्या केज, गेवराई किंवा धारूरच्या माणसाला हे भाग वाचायला मिळतात, त्याचे गाव मात्र त्यांत येत नाही.