कुत्र्याच्या जिवाची किंमत १०,००० डॉलर: हा आकडा नेमका कशाचा आहे?

'मॉनेटायझिंग बाउजर' नावाचा एक शोधनिबंध २०२० मध्ये 'जर्नल ऑफ बेनिफिट-कॉस्ट ॲनालिसिस'मध्ये आला. बाउजर म्हणजे अमेरिकेतला मोत्या. डेव्हन कार्लसन, डेव्हिड वायमर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी त्यात हिशेब मांडलाय, की पाळीव कुत्र्याच्या 'सांख्यिकीय जिवाची' किंमत साधारण १०,००० डॉलर भरते. कुत्रे हा माझ्या पीएचडीचा विषय नाही, आकडे आहेत. त्यामुळे घरी कुत्रा असलेल्या तीन मित्रांनी वेगवेगळ्या वेळी हा निबंध मला पाठवला आणि तिघांनी एकच विचारलं: म्हणजे उपचारांवर सात-आठ लाखांपर्यंत खर्च ठीक, त्याच्या पुढे वेडेपणा, असंच ना?

असं नाही. निबंधात तसं म्हटलेलंही नाही. पण तसा समज होतो खरा, आणि त्यात निबंधाच्या नावाचा, मांडणीचा थोडा वाटा आहेच.

आधी या मंडळींना असा आकडा का हवा होता ते बघू. २००७ मध्ये अमेरिकेत मेलामाइनची भेसळ असलेलं खाद्य खाऊन बरीच कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. अशा खाद्यावर कडक नियम आणायचे, तर सरकारला खर्च आणि फायदा दोन्ही मांडावे लागतात. नियमांचा खर्च कंपन्या तत्परतेने सांगतात. फायद्याच्या रकान्यात कुत्र्याचा जीव किती धरायचा? अमेरिकी कायद्यात पाळीव प्राणी ही मालमत्ता, त्यामुळे भरपाई बहुतेक वेळा बाजारभावाने. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याचा बाजारभाव शून्य. शून्यापेक्षा १०,००० नक्कीच सत्याच्या जवळ आहेत. एवढ्यापुरता हा निबंध मला आवडतो, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

आता आकडा निघतो कसा ते बघा. कुत्रा पाळणाऱ्यांना एक काल्पनिक लस सांगितली: कुत्र्यांच्या फ्लूवरची, मरण्याचा धोका कमी करणारी. मग किंमत सांगून विचारलं, घ्याल का? वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी किंमत. होकार-नकारांवरून लोक सरासरी किती मोजतील याचा अंदाज बांधतात. समजा (आकडे फक्त समजण्यासाठी) लसीने धोका शंभरात दहाने कमी होतो आणि माणूस त्यासाठी १,००० डॉलर द्यायला तयार आहे. शंभर जणांनी मिळून एक लाख डॉलर दिले आणि दहा कुत्रे वाचले. एका कुत्र्यामागे १०,०००. कुठला कुत्रा वाचला हे कुणालाच माहीत नाही, म्हणूनच तो 'सांख्यिकीय'. माणसांसाठीही असंच करतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१६ साठी माणसाचा आकडा ९६ लाख डॉलर धरला होता. म्हणून कुणी आयसीयूच्या दारात उभं राहून ९६ लाखांची मर्यादा सांगत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण ती चटकन सांगतो.

पद्धतीबद्दलही बोलायला हवं. सर्व्हेत 'देईन' म्हणायला खिशातून काही जात नाही, हा जुना आक्षेप आहेच. दुसरा त्याहून अवघड आहे. १९९२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डेव्हूजेस आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं होतं, की तेलाच्या तळ्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल? २,००० पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर, २०,००० साठी ७८, २,००,००० साठी ८८. पक्षी शंभरपट झाले तरी उत्तर जागचं हललं नाही. (हा अभ्यास एक्झॉनच्या पैशावर झालेला होता, आणि एक्झॉन व्हॅल्डेझच्या तेलगळतीनंतर असे सर्व्हे बदनाम होण्यात कंपनीचा फायदा होता, हेही ध्यानात असू द्या.) तरी मुद्दा उरतोच: लोक अशा वेळी कळवळ्याची किंमत सांगतात, धोका किती टक्क्यांनी घटला याची नाही. आणि धोक्याच्या टक्क्यांनी भागूनच तर १०,००० आलेत.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या हिशेबात मालकाचं नुकसान मोजलंय. कुत्रा स्वतः त्यात कुठेच नाही. वाचला की वाचला. किती दिवस, कशा अवस्थेत, याला रकाना नाही. लसीच्या प्रश्नात हे खपून जातं, कारण लस टोचलेला कुत्रा धडधाकटच असतो. दवाखान्यातल्या टेबलावर हे खपत नाही.

लिम्फोमाचं उदाहरण घ्या, कुत्र्यांमधला नेहमी आढळणारा कॅन्सर. उपचार केले नाहीत तर साधारण महिना-दीड महिना. चार औषधांची केमोथेरपी पाच-सहा महिने दिली, तर ८० ते ९० टक्के कुत्र्यांमध्ये आजार मागे हटतो, आणि आयुष्याचा मध्यक वर्षाच्या आसपास जातो. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या आधीच जातात. पूर्ण बरं होणं विरळाच. कुत्र्यांना डोस मुद्दाम बेताचा देतात, त्यामुळे बरेच जण त्या काळात खातात-पितात, खेळतात. म्हणजे इथे पैशाने 'जीव' मिळत नाही, बहुधा बरे जाणारे दहा-अकरा महिने मिळतात. सात वर्षांच्या कुत्र्यासाठी त्यांचा अर्थ एक, संधिवाताने उठता न येणाऱ्या तेरा वर्षांच्या कुत्र्यासाठी दुसरा. १०,००० च्या आकड्याला हा फरक दिसत नाही.

पार्वोत चित्र उलटं. उपचारांविना बहुसंख्य पिल्लं दगावतात. वाचलेलं पिल्लू मात्र पुढे दहा-बारा वर्षं सहज जगू शकतं. अमेरिकेत दाखल करून उपचार म्हणजे हजारांत डॉलर, आणि तेवढे नाहीत म्हणून पिल्लाला इंजेक्शन देऊन झोपवण्याची वेळ येते. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१७ मध्ये यावर एक चाचणी प्रसिद्ध केली. ४० कुत्रे, आधी सगळ्यांना शिरेतून सलाईन देऊन सावरलं, मग चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट. एकाला दाखल रुग्णासारखे पूर्ण उपचार. दुसऱ्याला कातडीखाली सलाईन, उलटीचं औषध आणि दीर्घकाळ टिकणारं अँटिबायोटिक, म्हणजे काही शे डॉलरांत बसणारा मार्ग. पहिल्या गटात २० पैकी १८ वाचले, दुसऱ्यात १६. आपल्याकडे पिल्लू रोज दवाखान्यात न्यायचं, सलाईन लावून घरी आणायचं, हे सर्रास चालतं; त्याला आपण गरिबाघरचा उपाय समजतो.

'फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही' याचा अर्थ 'दोन्ही सारखेच' असा कुणी काढला, तर त्यालाही थांबवावं लागेल. २० पैकी १६ म्हणजे खरं प्रमाण ५८ ते ९२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. २० पैकी १८ साठी ७० ते ९७. दोन कुत्र्यांच्या फरकावरून फार काही ठरत नाही. तरीही ही छोटी चाचणी तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ आहे, कारण ती विचारते की जास्तीच्या पैशाने नक्की काय वाढतं. बाउजरचा निबंध विचारतो, तुम्ही किती द्याल. आणि त्या 'द्याल'मध्ये तुमची माया किती आणि पगार किती, हे वेगळं करता येत नाही. कमी पगाराच्या माणसाने कमी आकडा सांगितला तर त्याचा कुत्रा स्वस्त होतो का?

माणूस प्रत्यक्षात कसा वागतो याचा एक मासला आइनाव्ह, फिंकेलस्टीन आणि गुप्ता यांच्या २०१६ च्या निबंधात आहे. अमेरिकेत पाळीव प्राण्यांचा विमा फारच थोड्यांकडे, सगळं खिशातून. तरी लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांवरचा खर्च मृत्यूच्या आधी तसाच उसळतो, जसा माणसांच्या बाबतीत. रक्कम लहान, पण आलेखाचा आकार ओळखीचा. सर्व्हेतल्या शांत डोक्याच्या होकाराशी याचा संबंध लावायचा कसा, हे अजून कुणीतरी करायला हवं.

कार्लसन-वायमर मंडळींनी पुढचा सर्व्हे केलाच, तर माझी सूचना साधी आहे: फ्लूची लस बाजूला ठेवा. पार्वो झालेलं पिल्लू द्या, २० पैकी १८ आणि २० पैकी १६ हे दोन्ही आकडे द्या, दोन्ही बिलं द्या. तोच प्रश्न मग लिम्फोमा झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल विचारा, आणि उत्तरांशेजारी घरचं उत्पन्न छापा.