वर्षभराचा परदेश आणि आत्मकथनाचा घाट

पदवीचे तिसरे वर्ष परदेशात काढण्याची अमेरिकन महाविद्यालयांतील प्रथा १९२३ साली सुरू झाली. पहिल्या महायुद्धाचा अनुभव असलेले रेमंड कर्कब्राइड हे डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक त्या वर्षी आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. दोनच वर्षांनी स्मिथ कॉलेजनेही आपल्या विद्यार्थिनी पॅरिसला पाठविल्या. या शैक्षणिक प्रथेच्या मागोमाग एक लेखनप्रथाही रूढ होत गेली. यजमान कुटुंबातील वास्तव्य, सुटीतील आगगाडीचे प्रवास, परक्या भाषेत पडलेले पहिले स्वप्न आणि परतल्यावर स्वतःच्याच घरात जाणवणारे परकेपण ही सामग्री इतक्या वेळा लिहिली गेली की, तिचा एक घाटच ठरून गेला. गेलेली व्यक्ती आणि परतलेली व्यक्ती एक नसते, हे या घाटाचे मूळ गृहीतक. ॲलिस कॅप्लन यांचे ‘ड्रीमिंग इन फ्रेंच’ (२०१२) हे पुस्तक या गृहीतकावर उभे आहे. ते त्याची परीक्षाही घेऊ पाहते. पण ती परीक्षा पुरती होत नाही.

जॅकलिन बूव्हिए (पुढे केनेडी), सुसान सॉन्टॅग आणि अँजेला डेव्हिस या तिघींची पॅरिसमधील वर्षे हा या पुस्तकाचा विषय. प्रत्येकीला दोन प्रकरणे दिली आहेत : एक तिथल्या वास्तव्याचे, दुसरे परतल्यानंतरचे. ही विभागणी वरवर निरुपद्रवी वाटते. वस्तुतः तिच्यातच पुस्तकाचा सिद्धान्त दडलेला आहे. ‘तिथे’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग पाडले की, पहिला भाग आपोआप कारण ठरतो आणि दुसरा परिणाम. चरित्रात्मक लेखनातील कार्यकारणभाव हा पुष्कळदा असा मांडणीतूनच निर्माण होतो. पुराव्याची गरज त्याला फारशी भासत नाही.

पुराव्याचे स्वरूप तर तिघींच्या बाबतीत अगदीच निराळे आहे. सॉन्टॅगची रोजनिशी आहे, डेव्हिसचे १९७४ चे आत्मचरित्र आहे. बूव्हिएने आत्मकथन लिहिलेच नाही. तिची काही पत्रे आणि इतरांच्या आठवणी एवढ्यावरच कॅप्लन यांना भागवावे लागते. पत्र, रोजनिशी आणि आत्मचरित्र या तीन आविष्काररूपांतील ‘मी’ एकाच जातीचा नसतो. पत्रातील ‘मी’ समोरच्याला आवडेल असा उभा राहतो. रोजनिशीतील ‘मी’ स्वतःला धारेवर धरतो. आत्मचरित्रातील ‘मी’ला शेवट ठाऊक असतो. कॅप्लन हा भेद जाणतात, परंतु कथनाच्या ओघात तो पुसट होऊ देतात.

बूव्हिएचेच उदाहरण घेता येईल. ती व्हासर कॉलेजची विद्यार्थिनी. स्मिथच्या योजनेतून १९४९ साली पॅरिसला गेली आणि द रँती कुटुंबाकडे राहिली. घरातील कर्ती स्त्री राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून परतलेली होती. पती प्रतिकारचळवळीत पकडला जाऊन परत आला नव्हता. सुटीत ही वीस वर्षांची मुलगी आगगाडीने ऑस्ट्रिया आणि जर्मनी पाहून येते आणि सावत्र भावाला पत्र लिहिते. खालच्या वर्गाच्या डब्यात रात्रभर बसून प्रवास करण्यात आणि सहप्रवाशांच्या कहाण्या ऐकण्यात केवढी मौज आहे, हे ती त्यात सांगते. पाहिलेल्या स्थळांची यादी देते : व्हिएन्ना, साल्झबुर्ग, हिटलरचे बेर्श्टेसगाडेन, म्यूनिक आणि डाखाऊ. शेवटच्या नावापाशी वाक्य अडखळत नाही.

या ओळीवरून त्या मुलीला संवेदनाशून्य ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. दोष असेलच तर तो प्रवासपत्राच्या वाक्यरचनेचा आहे. यादी ही प्रवासी विद्यार्थ्याची स्वाभाविक शैली असते, आणि यादीत सारी नामे सारख्याच वजनाची होतात. ज्या घरी ती रोज संध्याकाळी फ्रेंच बोलत होती, त्या घराचे मौन आणि त्या यादीतील शेवटचे नाव यांचा संबंध तिने मनात जोडलाच असेल. पत्राच्या घाटात मात्र त्याला जागा नव्हती. कॅप्लन या प्रसंगाशी सहृदयतेने थांबतात. त्यांचे स्वतःचे वडील न्यूरेंबर्गच्या खटल्यात अभियोक्त्यांपैकी एक होते, हे ‘फ्रेंच लेसन्स’ (१९९३) या त्यांच्या आत्मकथनाच्या वाचकाला आठवेल. फ्रेंच ‘र’ गळ्यातून नेमका उमटावा म्हणून धडपडणारी विद्यार्थिनी त्या पुस्तकात होती, आणि परभाषा ही लपण्याचीही जागा असते हे तिने निर्भयपणे कबूल केले होते. ती निर्भयता येथे थोडी मवाळ झाली आहे.

सॉन्टॅगवरील भाग वाचनीय असला तरी योजनेत तो ओढूनताणून बसविलेला वाटतो. ती अशा कोणत्याही तुकडीतून गेलेली नव्हती. १९५७ साली पाठ्यवृत्ती घेऊन ती ऑक्सफर्डला गेली तेव्हा ती विवाहित होती, पाच वर्षांच्या मुलाची आई होती. काही महिन्यांतच ऑक्सफर्ड सोडून ती पॅरिसला आली. तिच्या वह्यांत शब्दांच्या, पुस्तकांच्या, चित्रपटांच्या याद्या आहेत आणि एका स्त्रीवरील प्रेमाची यातना आहे. मे १९५८ मध्ये अल्जीरियाच्या प्रश्नावर फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक कोसळत होते. त्याची सावली या वह्यांवर फारशी पडत नाही. तिच्यासाठी पॅरिस हे शहर नसून एक खोली होती, असे म्हणता येईल.

पुस्तकाचा घाट खऱ्या अर्थाने मोडतो तो डेव्हिसपाशी. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये हॅमिल्टन कॉलेजच्या योजनेतील ही विद्यार्थिनी बियारित्झ या समुद्रकाठच्या सुटीच्या गावी असताना वर्तमानपत्रात बातमी वाचते : बर्मिंगहॅममधील चर्चवर बॉम्बहल्ला, चार मुली ठार. गाव तिचे, मुली ओळखीच्या. सोबतच्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दुःख होते. परंतु ही माथेफिरूंची एक कृती नसून सबंध समाजव्यवस्थेचे फळ आहे, हे त्यांना समजावून सांगता येत नाही, असे ती लिहिते. बूव्हिएच्या पत्रात इतिहास एक प्रेक्षणीय स्थळ झाला होता. येथे प्रेक्षणीय स्थळीच इतिहास येऊन थडकतो, आणि तोही मायदेशाचा. त्याआधीच्या वर्षी पॅरिसमध्ये अल्जीरियनांच्या बाजूने निघालेल्या निदर्शनांवर पोलिसांनी सोडलेले पाण्याचे फवारे पाहून तिला बर्मिंगहॅमचेच पोलीस आठवले होते. अशा दृष्टीला ‘तिथे’ आणि ‘इथे’ ही विभागणी मान्य होणे शक्य नव्हते. कॅप्लन मात्र याही वर्षाला दोन प्रकरणांच्या त्याच चौकटीत बसवितात.

मराठी वाचकाला येथे एक वेगळेपण जाणवेल. पंडिता रमाबाई १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, आणि त्यांनी लिहिलेल्या प्रवासवृत्तान्तापासून आपल्याकडे परदेशगमनाचा हिशेब स्वदेशापुढे मांडावा लागत आला आहे. परतून आल्यावर काय बदलले, यापेक्षा काय आणले, हा प्रश्न तेथे आधी येतो. केवळ ‘स्व’ घडविण्यासाठी एक वर्ष मोकळे मिळणे ही चैन आहे, याचे भान कॅप्लन यांच्या विवेचनात हवे तितके येत नाही. यजमानांचा आवाजही त्यात क्षीणच राहतो. वर्षानुवर्षे परक्या मुलींना खोली आणि जेवण देणाऱ्या, त्यांची क्रियापदे सुधारणाऱ्या त्या विधवांना या पाहुण्यांबद्दल काय वाटत होते, हे कळायला हवे होते.

डेव्हिसच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग या संदर्भात कळीचा आहे, आणि तो फ्रान्समध्ये घडलेला नाही. किशोरवयात ती आणि तिची बहीण फानिया बर्मिंगहॅममधील गोऱ्यांच्या एका जोड्यांच्या दुकानात शिरतात आणि मार्टिनिकहून आलेल्या परदेशी मुली असल्याचे भासवून आपापसात फ्रेंच बोलू लागतात. कृष्णवर्णीयांना मागच्या भागात बसविणारे ते दुकान त्यांना आदबीने पुढे बसविते. विक्रेते जोडे दाखवितात, मालक चौकशी करतो, कुठून आलात म्हणून कौतुकाने विचारतो. मग त्या मुली हसत हसत अस्सल दक्षिणी इंग्रजीत सांगतात की, काळ्या माणसाने परदेशी असल्याचे सोंग घेतले की तुम्ही त्याला बड्या पाहुण्यासारखे वागवता.