खिडकीतलं चित्र आणि उलटलेलं पान

उभयलैंगिक माणूस चित्रात काढायचा म्हटलं की चित्रकाराची पंचाईत होते. पुरुषाशेजारी पुरुष बसवला की वाचक म्हणतो, हा समलिंगी. पुढच्या चौकटीत त्याच्याशेजारी बायको आली की म्हणतो, सुधारला गडी. दोन्ही ओढी एका चित्रात मावत नाहीत, कारण त्या एका क्षणाच्या नसतात, आयुष्यभर पसरलेल्या असतात. मला वाटतं, म्हणूनच या विषयाला चित्रकथेइतकं सोयीचं माध्यम दुसरं नाही. दहा वर्षांपूर्वीचं प्रेम आणि आजचं प्रेम एकाच पानावर शेजारी मांडता येतं. वाचकाची नजर हवी तेव्हा मागे जाते, पुढे येते. सिनेमाला हे जमत नाही. पण ही सोय किती जणांनी वापरली?

अमेरिकेत १९५४च्या कॉमिक्स संहितेने असल्या पात्रांना दारच बंद केलं होतं. ते १९८९मध्ये किलकिलं झालं. तोवर लेखक सुचवून सोडून देत. 'एक्स-मेन'मधल्या मिस्टिक आणि डेस्टिनी या दोघींचं नातं क्रिस क्लेअरमाँटने वर्षानुवर्षं असंच अर्धवट उजेडात ठेवलं. १९९२ साली 'हेलब्लेझर'मध्ये जॉन कॉन्स्टंटाइन जाता जाता बोलून जातो की आपल्या मैत्रिणींच्या यादीत एखाददुसरा मित्रही होता. बस, एवढंच. पुढे २०२१मध्ये बॅटमनचा साथीदार टिम ड्रेक आणि सुपरमॅनचा मुलगा जॉन केंट हे दोघेही उभयलैंगिक असल्याचं जाहीर झालं आणि जगभर बातम्या झाल्या. मला मात्र कॉन्स्टंटाइनचं ते बेफिकीर वाक्य जास्त खरं वाटतं. जॉन केंटचं चुंबन पोस्टरसाठी उत्तम आहे, पण त्याच्या मनाची दुसरी बाजू कथेत फारशी येतच नाही. ती प्रकाशकाच्या निवेदनात राहते.

दोन्ही बाजू कथेतच दाखवण्याचं काम खऱ्या अर्थाने केलं ते हाइमे हर्नांडेझने. 'लव्ह अँड रॉकेट्स' ही मालिका १९८१पासून चालू आहे आणि त्यातली माणसं वाचकांबरोबर म्हातारी होतात. मॅगीचं होपी या मैत्रिणीवर प्रेम आहे, रे या पुरुषावरही आहे. त्यातल्या 'द लव्ह बंगलर्स' या कथेत समोरासमोरच्या दोन पानांवर मॅगीचे आणि रेचे आयुष्यभरातले क्षण चौकटीला चौकट जुळवून मांडलेत. मॅगी रेकडे वळते म्हणून होपी खोटी पडत नाही, कारण तिची तीस वर्षं वाचकाने पानोपानी पाहिलेली असतात.

आपल्याकडे या वाटेवरचं सर्वांत जवळचं नाव अमृता पाटील यांचं. जन्म पुण्यातला, वाढल्या गोव्यात. त्यांची 'कारी' ही चित्रकादंबरी इंग्रजीत २००८ साली आली. कारी आणि रूथ दोघी इमारतीवरून उडी मारतात आणि दोघीही वाचतात. रूथ शहर सोडून जाते, कारी धुरकट महानगरात जाहिरातीच्या नोकरीत मागे राहते. सुरुवातीच्याच चित्रात फ्रिडा काहलोच्या 'दोन फ्रिडा' आठवतात. काहलो स्वतः उभयलैंगिक होती; कारीची ओढ मात्र स्त्रियांकडेच आहे. तरीही पुस्तक तिच्यावर कुठलीही पाटी लावत नाही, हा त्याचा मोठेपणा.

मराठीत या विषयावरचं ठळक पुस्तक चित्रांचं नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ची कादंबरी. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो. घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. अर्धं पुस्तक भावाचं, अर्धं बहिणीचं. त्या तरुणाला नाव नाही, आवाजही नाही. दोघांना दुखावून नाहीसा होणारा उभयलैंगिक हा जगभरातला जुनाच साचा, आणि कुंडलकर त्यातून पूर्ण सुटत नाहीत. पण एकाच माणसाच्या या दोन बाजू अगदी समोरासमोरच्या दोन पानांसारख्या आहेत. कुणा चित्रकाराने ही कादंबरी हाती घ्यावी असं फार वाटतं. २०२२च्या सिनेमाने कथा केरळात नेली. पुणेरी घराची कोंडी त्यात हरवली.

तेलगावातून पाहिलं तर हे सगळं शहरी वाटेल. धारूर तालुक्यातलं हे साखर कारखान्याचं गाव. या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि आगाऊ पैशांची उचलही कोयत्यावर. लग्न इथे हिशोबाचं माप आहे, म्हणून लग्नं लवकर उरकतात. ज्याला बायको नकोच आहे तो निदान अडचण म्हणून तरी चारचौघांच्या नजरेला येतो. दोन्हीकडे ओढ असलेला माणूस संसारात बसून जातो आणि त्याची दुसरी बाजू कुणी विचारतही नाही. त्याच्या पोराच्या मोबाइलवर ॲलिस ओसमनचं 'हार्टस्टॉपर' दिसू शकतं. २०१६पासून इंटरनेटवर येत गेलेल्या या चित्रकथेत रग्बी खेळणारा निक आपण उभयलैंगिक आहोत हे हळूहळू ओळखतो. गोड आहे, जरा जास्तच गोड. निकच्या नावावर कुणी उचल घेतलेली नसते.

मराठीत चित्रकथा म्हणजे मुलांचं वाचन, ही समजूत इंद्रजाल कॉमिक्सपासून 'चिंटू'पर्यंत टिकली. मोठ्यांसाठी मात्र आपल्याकडे एक अस्सल चावट चित्रप्रकार होता. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं. कापलेल्या खिडकीतून भलतंच काहीतरी दिसायचं, पान उलटलं की सगळं सोवळं निघायचं. खिडकीतलं खोटं पडायचं आणि वाचक स्वतःच्याच मनातल्या पापाला हसायचा. आता हीच युक्ती उलटी करून पाहता येईल. खिडकीत उसाच्या फडात मोळी बांधताना एकमेकांत गुंतलेले दोन पुरुषांचे हात. पान उलटल्यावर त्यातलाच एकजण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बायकोच्या खांद्याला खांदा लावून हसतोय. आणि दोन्ही चित्रं खरी. दिवाळी अंकात हे छापायचं की नाही, ते संपादकांनी ठरवावं. जाहिरातदार काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.