‘नोस्फेरातू’ : भयानकाकडून करुणाकडे

मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा जर्मन मूकपट आणि वेर्नर हेर्झोगने १९७९ मध्ये केलेली त्याची पुनर्निर्मिती यांतील साम्यस्थळे मोजीत बसण्यात फारसे हशील नाही. ती उघड आहेत. रक्तपिपासू सरदाराचे तेच टक्कल, तेच टोकदार कान, तेच उंदरासारखे पुढचे दात. विचार करावयाचा तो रसांतराचा.

मुर्नाऊचा ओर्लॉक रोगराईसारखा, उंदरांसमवेत जहाजातून येतो. त्याच्या अंतरंगात प्रेक्षकाला प्रवेशच नाही; म्हणून भयानक रस निर्भेळ राहतो. हेर्झोगच्या ड्रॅक्युलाला (क्लाउस किन्स्कीचा अभिनय येथे केवळ अप्रतिम आहे) मरण येत नाही याचेच दुःख आहे. तो प्रेमाची याचना करतो. परिणामी भयाची धार बोथट होते, हा आक्षेप पूर्वार्धापुरता मान्य करावाच लागेल. शेवट मात्र त्या आक्षेपाला पुरून उरतो.

दोन्ही चित्रपटांत नायिका आत्मबलिदान करून त्या पिशाच्चाला सूर्योदयापर्यंत थोपवून धरते. १९२२ च्या चित्रपटात ते उन्हात विरून जाते व प्लेगची साथ ओसरते. बलिदान फळास येते. हेर्झोग ते फळच हिरावून घेतो. ड्रॅक्युला मरतो, पण पिशाच्चत्व नायिकेच्या पतीत आधीच संक्रांत झालेले असते. राक्षसाला एकदा मानवी दुःख बहाल केल्यावर मानवाला त्याच्यापासून वेगळे राखता येत नाही, हे तर्कशुद्धच आहे. त्या पतीभोवती पत्नीने पवित्र प्रसादाच्या भाकरीचा चुरा टाकून रिंगण आखलेले असते. तो मोलकरणीला ते झाडून टाकावयास सांगतो आणि घोड्यावर बसून निघून जातो.