अनुबंध आणि सेवासंदर्भ : एका संगणकीय निर्देशाची भाषाशास्त्रीय चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीचा विचार भाषाविभागाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इतकेच, की आज्ञावलीही लिहिली जाते आणि वाचली जाते. आणि जेथे लेखन व वाचन आहे तेथे अर्थनिर्णयाचा प्रश्न टळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तर सर्वस्वी अर्थनिर्णयाचाच आहे.

लेखाचे निमित्त एक प्रात्यक्षिक आहे. मराठी शब्दरूपांचे पृथक्करण करणारी एक लहानशी वेब सेवा आमच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने रचली होती, आणि तिचा उपयोग करणारी दुसरी आज्ञावली जावा भाषेत लिहिली होती. घरच्या संगणकावर दोन्ही उत्तम चालत. परीक्षेच्या दिवशी विभागाच्या संगणकावर त्याने दुसरी आज्ञावली सुटी चालविली, तेव्हा सेवेच्या जागी शून्य आले. तीच आज्ञावली सर्व्हरमध्ये बसवून पुन्हा चालविली, तेव्हा सेवाच सापडेना. मी त्याला उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले. त्या दोन अपयशांची कारणे मला पुढे समजली, आणि ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत असे दिसून आले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एका आज्ञावलीने दुसरीची सेवा जाळ्यावरून मागावयाची, तर त्या सेवेचे एक वर्णनपत्र लागते. सेवेत कोणत्या क्रिया आहेत, त्यांना काय द्यावयाचे, त्या काय परत करतात आणि त्या कोठे भेटतात, हे त्यात लिहिलेले असते. अशा वर्णनपत्राची डब्ल्यूएसडीएल ही पद्धती २००० साली प्रसिद्ध झाली. पूर्वी जावाचा लेखक सेवेचा संदर्भ आपल्या आज्ञावलीत स्वतः शोधून आणीत असे. शोधाचा तपशील वेगळ्या एक्सएमएल पत्रकात नोंदवावा लागे. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशनची सोय आली. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांच्या एका निबंधाने ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केले. घटकाने आपल्याला लागणारी वस्तू स्वतः शोधावयाची नाही, ती बाहेरून त्याच्यात घालावयाची, असे त्याचे तात्पर्य. २००६ च्या जावा ईई ५ मध्ये या दोन्ही कल्पना वेब सेवांना लागू झाल्या. आता घटकातील एका रिकाम्या क्षेत्रावर ‘वेबसर्व्हिसरेफ’ ही खूण लिहिली म्हणजे पुरे. सेवेचा संदर्भ त्या क्षेत्रात आणून ठेवण्याचे काम कंटेनर नावाची यंत्रणा करते.

या खुणेला मराठीत ‘टीप’ किंवा ‘टिप्पणी’ म्हणण्याकडे आपला कल आहे. मला ही संज्ञा चुकीची वाटते. टीप वगळून मूळ ग्रंथ वाचता येतो. वाचकाची समजूत थोडी उणी पडेल, पण ग्रंथ बदलणार नाही. येथे मात्र खूण वगळली तर क्षेत्र रिकामेच राहते. ती अर्थ सांगत नाही, अर्थ घडविते. आपल्या परंपरेत हिच्याशी अधिक जवळचे नाते पाणिनीच्या अनुबंधांचे आहे. पच् धातूला घञ् प्रत्यय लागून ‘पाक’ हा शब्द सिद्ध होतो. घञ् मधील प्रत्यक्ष प्रत्यय केवळ ‘अ’ आहे. घ् सांगतो की चकाराचा ककार करावा. ञ् सांगतो की आधीच्या स्वराची वृद्धी करावी. सांगून झाले की दोघेही लोप पावतात. उच्चारात ते नाहीत. परंतु त्यांच्यावाचून ‘पाक’ होत नाही. अनुबंध हा बोलणाऱ्यासाठी नाही, व्याकरण चालविणाऱ्यासाठी आहे. ॲनोटेशनही याच जातीचे आहे. म्हणून पुढील विवेचनात मी तिला अनुबंधच म्हणेन.

मात्र साम्य जेथे संपते तेथेच चिकित्सेचा खरा आरंभ होतो. पाणिनीचा अनुबंध ज्या शास्त्रात लिहिला गेला त्याच शास्त्रात वाचला जातो. घ् चा अर्थ सांगणारा नियम अष्टाध्यायीतच आहे. जावात अनुबंधाच्या आयुष्याच्या तीन मर्यादा आहेत : काही अनुबंध भाषांतरकाबरोबरच संपतात, काही भाषांतरित संचिकेपर्यंत टिकतात, आणि काही आज्ञावली चालू असतानाही वाचता येतात. ‘वेबसर्व्हिसरेफ’ तिसऱ्या प्रकारात मोडतो. भाषांतरक त्याची लेखनशुद्धी तपासतो, पण त्याचा आदेश पाळीत नाही. आदेश पाळणारा कंटेनर हा आज्ञावलीच्या बाहेर असतो. म्हणजे येथे सूत्र एका ग्रंथात आहे आणि त्याचा अर्थ लावणारा नियम दुसऱ्या ग्रंथात.

विद्यार्थ्याच्या पहिल्या अपयशाचे मूळ येथे आहे. वाक्यार्थ होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांची आवश्यकता आपल्या शास्त्रकारांनी सांगितली आहे. रिकाम्या क्षेत्रावरील अनुबंध ही आकांक्षा होय : येथे एक सेवा हवी आहे. क्षेत्राचा प्रकार आणि सेवेचा प्रकार जुळणे ही योग्यता. तीही त्याच्या लेखनात होती. नव्हता तो सन्निधी. आज्ञावली सुटी चालविली तेव्हा कंटेनर जवळ नव्हता, आणि ती आकांक्षा कोणाच्याही कानी पडली नाही. सर्व्हरमध्ये असतानाही लेखकाने एखादी वस्तू स्वतःच्या हाताने निर्माण केली, तर तिच्यावरील अनुबंध असेच मुके राहतात. कारण कंटेनर आपण घडविलेल्या घटकांचेच अनुबंध वाचतो. भाषांतरक तक्रार करीत नाही, लेखन निर्दोष दिसते, आणि शून्य हाती येते ते प्रत्यक्ष वापराच्या क्षणी. दोष लपविणारी शुद्धता हा या पद्धतीतील पहिला गंभीर उणेपणा होय.

दुसरे अपयश अधिक उद्बोधक आहे. या एका अनुबंधात लेखकाला अनेक गोष्टी लिहिता येतात : संदर्भाचे नाव, सेवेचा प्रकार, वर्णनपत्राचे ठिकाण, पुढील आवृत्तीत, ज्या नावाने शोध घ्यावयाचा ते नावही. यांतील काही नामे आहेत, तर ठिकाण हा पत्ता आहे. नाम आणि पत्ता एकाच कंसात शेजारी बसविल्याने नवशिक्याला ते एकाच जातीचे वाटतात. आमच्या विद्यार्थ्याने पत्ता लिहिला होता, आणि त्यात सर्व्हरचे नाव होते ‘लोकलहोस्ट’. हे विशेषनाम नव्हे. हे दर्शक पद आहे. ‘येथे’, ‘मी’, ‘आज’ यांचा अर्थ जसा बोलणाऱ्याबरोबर बदलतो, तसा ‘लोकलहोस्ट’चा अर्थ ज्या यंत्रावर तो वाचला जातो त्या यंत्राबरोबर बदलतो. घरी त्याचा अर्थ घरचा संगणक होता. विभागात तोच शब्द विभागाच्या संगणकाकडे बोट दाखवू लागला, आणि तेथे सेवा नव्हती. पत्रात ‘येथे सर्व कुशल’ असे लिहिले तर वाचकाला ‘येथे’ म्हणजे कोठे हे पत्राच्या माथ्यावरील गावावरून कळते. आज्ञावलीला असा माथा नसतो.

नामाचेही क्षेत्र असते, हे नवी मुंबईच्या रहिवाशांस सांगावयास नको. सिडकोने वसविलेल्या या नगरात सेक्टर ७ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, खारघरमध्येही आहे. रिक्षावाल्यास नुसते ‘सेक्टर ७’ सांगून भागत नाही. आपण कोणत्या उपनगरात उभे आहोत यावरून तो अर्थ लावतो. अनुबंधातील नावही असेच त्या घटकाच्या नामपरिसरापुरते असते. आणि हीच त्याची शक्ती आहे. नाव आज्ञावलीत स्थिर राहते. त्या नावाने कोणती सेवा समजावी हे प्रत्येक स्थळी, बाहेरील पत्रकात, वेगळे ठरविता येते. त्या पत्रकात त्याच नावाची नोंद असेल तर ती अनुबंधातील माहितीवर मात करते. वैयाकरण याला उत्सर्ग आणि अपवाद म्हणेल : अनुबंध हा उत्सर्ग, पत्रक हा अपवाद. विद्यार्थ्याने नुसते नाव लिहून पत्ता पत्रकावर सोपविला असता, तर विभागाच्या संगणकावर एक ओळ बदलून काम झाले असते.

नाम आणि पत्ता यांचा हा विवेक आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर अमलात आलेला आहे. २००८ साली कार्यान्वित झालेले ई-शासनाचे राष्ट्रीय सेवा वितरण प्रवेशद्वार सी-डॅक या संस्थेने उभारले. सी-डॅकच्या मुंबई केंद्राचे एक आवार खारघर स्थानकासमोर आहे. आमचे विद्यार्थी त्यावरून रोज जातात. या प्रवेशद्वाराची कल्पना अशी, की नागरिकाचा अर्ज घेणाऱ्या यंत्रणेने सेवा देणाऱ्या विभागाचा पत्ता बाळगू नये. तिने ठराविक मसुद्यात सेवेचे नाव सांगावे, आणि प्रवेशद्वाराने आपल्या नोंदसूचीवरून संदेश योग्य स्थळी पोचवावा. विभागाचा सर्व्हर हलला तर सूची बदलते. अर्ज घेणाऱ्यांना त्याची वार्ताही नसते. एका प्रात्यक्षिकात पत्ता चुकला तर गुण जातात. शासनव्यवहारात तो चुकला तर कोणाचा तरी दाखला अडतो.

या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. पूर्वीचे शोधकार्य लांबलचक, कंटाळवाणे आणि चुकांना आमंत्रण देणारे होते. त्या पसाऱ्यात आज्ञावलीचा मूळ हेतू हरवून जाई. अनुबंधाने तो हेतू पुन्हा दिसू लागला, आणि कोणत्या घटकाला कशाची गरज आहे हे वाचताक्षणी कळू लागले. सूत्रशैलीचा हाच लाभ आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. माझा आक्षेप संक्षेपाला नाही. संक्षिप्त लेखन शिकविताना त्याचा वाचक कोण हे शिकविले जात नाही, याला आहे.

कोणी म्हणेल की हा विषय आता इतिहासजमा होत आहे. २०१८ साली जावाच्या अकराव्या आवृत्तीतून वेब सेवांचा हा विभाग मूळ संचातून वगळण्यात आला. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये उरलेल्या पॅकेजांची नावेही बदलली. परंतु अनुबंधाने संदर्भ मागण्याची रीत गेलेली नाही. ती इतर नावांनी अधिकच फैलावली आहे. म्हणून प्रश्नही उरलाच आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असा कोणताही अनुबंध लिहिताना तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : हा कोण वाचणार आहे, केव्हा वाचणार आहे, आणि मी येथे नाव लिहीत आहे की पत्ता? आमच्या त्या विद्यार्थ्याला हे प्रश्न कोणी शिकविले नव्हते. शिकविण्याचे काम माझे होते. त्याचे शब्दपृथक्करण अचूक होते, त्याची योग्यता सिद्ध होती. उणा होता तो सन्निधी, आणि तो उणेपणा मी त्याच्या खात्यावर मांडला. ते गुण आता बदलता येत नाहीत. पुढील वर्षीच्या प्रात्यक्षिकाची प्रश्नपत्रिका बदलता येते, आणि ती मी बदलली आहे.